जेवता कुठल्या हाताने?

हा प्रश्न मला विचारला गेला तेव्हा मी स्ट्रेचरवर आडवी होते. अंगात हॉस्पिटलचा मागून उघडा झगा, घशाला कोरड आणि डोळ्यांसमोर फक्त छताच्या ट्यूबलाइट. माझ्या हृदयाचे ठोके मध्येच इतके मंदावायचे की डोळ्यांपुढे अंधारी यायची. एकदा तर मी रोपांच्या वाफ्यातच कोसळले होते. म्हणून नाशिकच्या एका मोठ्या हॉस्पिटलात माझ्या छातीत पेसमेकर बसवायचं ठरलं होतं. आत न्यायच्या आधी एक सिस्टर आली, माझ्या मनगटावरची पट्टी वाचली आणि म्हणाली, "मावशी, जेवता कुठल्या हाताने?"

मी म्हटलं, "उजव्या."

"बरं," म्हणाली आणि गेली. यंत्र डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली बसलं.

आता यात मी खोटं काय सांगितलं? मी उजव्याच हाताने जेवते. लिहिते उजव्या हाताने, आरतीचं ताट उजव्या हाताने ओवाळते, प्रसाद उजव्या हातावर घेते. पण मी पक्की डावखुरी आहे. लहानपणी मी डाव्या हाताने घास उचलला की आई उलथण्याने बोटांवर मारायची. रागाने नाही, काळजीने मारायची. डाव्या हाताने जेवणारी मुलगी बघायला आलेल्या लोकांसमोर बसवायची कशी, ही तिची चिंता. शाळेत बाई पाटीवरची पेन्सिल माझ्या उजव्या हातात कोंबायच्या. चौथीत जाईपर्यंत माझा उजवा हात चारचौघांत वागायला शिकला होता. भाजी चिरणं, विळा धरणं, केस विंचरणं, सुई चालवणं, दगड मारून चिंचा पाडणं हे मात्र सगळं डाव्याने. त्याला कुणी कधी हटकलं नाही, कारण कामं कुठल्या हाताने केली हे कुणी बघत नव्हतं, केली की नाही एवढंच बघत होते. उजवा हात लोकांचा आणि डावा माझा, अशी माझ्या अंगाची वाटणी फार लवकर झाली.

मखमलाबादच्या पुढे आमची गुलाबाच्या रोपांची नर्सरी आहे. जंगली गुलाबाच्या खुंटावर चांगल्या जातीचा डोळा, म्हणजे फुटायच्या बेतातला कोंब, बसवायचा, याला डोळा भरणं म्हणतात. खुंटाच्या सालीला काप द्यायचा, साल अलगद उचलायची, त्यात डोळा सरकवायचा आणि पट्टी बांधायची. त्यासाठीचा चाकू एकाच बाजूने धारेचा असतो. माझ्या चाकूला मी उलट बाजूने धार लावून घेतली आहे, त्यामुळे तो नर्सरीत दुसऱ्या कुणाच्या हाताला चालत नाही. हिवाळाभर सकाळचं ऊन पाठीवर घेत मी ओळीने डोळे भरत जाते. मी भरलेले डोळे जीव धरतात. गिऱ्हाईक येऊन विचारतं, बाईंच्या हातचे आहेत का. याचा मला गर्व आहे आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही. बाईंचा हात म्हणजे हा डावा.

माणूस ज्या हाताने काम करतो त्याच्या दुसऱ्या बाजूला हे यंत्र शक्यतो बसवतात, म्हणजे कामाचा हात मोकळा राहतो, हे मला फार नंतर कळलं. सिस्टरला तेच जाणून घ्यायचं होतं. पण आपल्याकडे कामाचा हात कोणता हे विचारायची रीतच अशी, की जेवता कुठल्या हाताने. आणि आपल्याकडेच डावखुऱ्याला उजव्या हाताने जेवायला लावायचीही रीत. या दोन रीती एकमेकींना छेद देतात, हे एवढ्या मोठ्या इमारतीत कुणाच्याच ध्यानात आलं नसेल? त्या सिस्टरच्या घरात, शेजारात, वर्गात एकही डावखुरं पोर नव्हतं? "मावशी, ज्या हाताने काम करता त्याच्या विरुद्ध बाजूला मशीन बसवायचंय," एवढं एक वाक्य पुढे जोडलं असतं तर मी स्ट्रेचरवरून उठून बसले असते. ते वाक्य बोलायला किती वेळ लागतो?

पण विचारण्याचा भाग तरी त्यांनी माझ्याशी केला. सांगण्याचा भाग तर माझ्याशी केलाच नाही.

घरी सोडायच्या सकाळी एक मुलगी आली. पांढरा कोट, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट. पेशंटने घरी गेल्यावर काय करायचं, काय नाही, हे समजावून सांगणं हीच तिची नोकरी. मी पलंगावर टेकून चहा पीत होते. पूर्ण शुद्धीत होते, चष्मा लावलेला होता, हातात पेपर होता. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "यांच्यासोबत नातेवाईक कोण आहे?"

आमचे हे खुर्चीतून उठून उभे राहिले, वर्गात नाव पुकारल्यावर पोरं उठतात तसे.

"काका, तुम्ही जरा या माझ्यासोबत. सगळं समजावते."

मी म्हटलं, "इथेच सांगा की. मलाही ऐकू येईल."

ती गोड हसली. "तुम्ही आराम करा मावशी. तुम्हाला कशाला टेन्शन? काका आहेत ना."

टेन्शन. छाती माझी, टाके माझे, हृदयात तार सोडलेली माझ्या, आणि टेन्शन यायला नको म्हणून माहिती दुसऱ्याला. दोघं गेले. बराच वेळ गेले. मी पेपरातली कोडी सोडवत बसले आणि माझा पारा चढत गेला.

आमच्या ह्यांची एक गोष्ट सांगायला हवी. माणूस सोन्यासारखा आहे, पण ऐकलेलं सगळं पिळून त्याचा एक थेंब करण्याची त्यांना सवय आहे. पुतणीच्या लग्नाची बैठक ओझरला दिवसभर चालली होती. देणंघेणं, कार्यालय, मानपान, दोनदा भांडण, एकदा मुलाकडचे उठून चाललेले. हे रात्री घरी आले, मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, "जमलं." त्या एका शब्दात त्यांच्या मते सगळं आलं होतं. अशा माणसाच्या हाती माझ्या उरलेल्या आयुष्याच्या सूचना दिल्या गेल्या.

परत आले ते एक गुळगुळीत पत्रक घेऊन आणि चेहऱ्यावर मोठी जबाबदारी घेऊन.

"काय म्हणाली?"

"सगळं सांगितलं."

"सगळं म्हणजे काय?"

"हात हलवायचा नाही," हे म्हणाले. "आणि जपायचं."

खरी सूचना काय होती ते आता मला तोंडपाठ आहे. दीड महिना डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, मागे ताणायचा नाही, वजन उचलायचं नाही, म्हणजे आत बसवलेली तार जागेवर धरते. पण खांद्याच्या खाली हात रोज हलवत राहायचा, नाहीतर खांदा आखडतो. दोन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या. त्यातली दुसरी त्या मुलीने सांगितलीच नव्हती, की हॉस्पिटलमधून घरी येईपर्यंत ह्यांच्या डोक्यातून गळून गेली, हे आता कोण ठरवणार? ती म्हणते सांगितली. हे म्हणतात आठवत नाही. जिचा हात होता ती त्या खोलीत नव्हती.

घरी आल्यावर ह्यांनी जुन्या पंच्याची झोळी करून माझा हात गळ्यात बांधला. मी जरा बोटं हलवली तरी दारातून आवाज यायचा, "हात." भाजी निवडायला बसले तरी "हात." सून वेणी घालायची, सून हुक लावायची, सून पदर सावरायची. बघायला येणारा प्रत्येकजण एकच शब्द बोलायचा, जपा. सायखेड्याहून नणंद आली ती पोहोचल्यापासून निघेपर्यंत जप गं, जप गं करत होती. मला या शब्दाची चीड आली आहे. जपा म्हणजे काय करा? कशापासून, किती, कधीपर्यंत? याचं उत्तर कुणाकडे नसतं, म्हणून तर हा शब्द एवढा स्वस्त झालाय.

ते पत्रकही मी वाचलं. मराठीतच होतं, म्हणजे अक्षरं मराठी होती. गोल्फ, टेनिस आणि पोहणं डॉक्टरांना विचारून सुरू करावं, असं लिहिलं होतं. धुणं पिळावं की नाही, भरलेली कळशी उचलावी की नाही, कणीक मळावी की नाही, यातलं एक अक्षर नाही. शेवटी, मोबाइल यंत्राजवळ छातीशी ठेवू नये, असं एक वाक्य होतं. मी मोबाइल कुठे ठेवते? ब्लाउजमध्ये, डाव्या बाजूला. आमच्या वाडीतल्या निम्म्या बायका तिथेच ठेवतात, कारण साडीला खिसा नसतो. ते वाक्य वाचलं तेव्हाही फोन तिथेच होता, थेट जखमेच्या पट्टीला लागून. ह्यांना तिथे सांगितलं होतं म्हणे, "फोन शर्टाच्या खिशात ठेवू नका." ह्यांनी त्या दिवसापासून स्वतःचा फोन पँटच्या खिशात ठेवायला सुरुवात केली होती.

मी हसले त्यावर. तेव्हा हसता येत होतं.

पहिल्या तपासणीला डॉक्टरांनी छातीवर एक उपकरण ठेवलं, कॉम्प्युटरकडे पाहिलं आणि म्हणाले, "मशीन एकदम ओके." मी म्हटलं खांदा दुखतोय. ते म्हणाले, "थोडं दुखणारच. जपा." पुन्हा तेच. माझा हात तेव्हाही ह्यांनी झोळीत बांधलेला होता आणि त्या झोळीकडे एकदाही न बघता आम्हाला बाहेर पाठवलं. आणि तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी झोळी सोडा म्हटलं नाही, म्हणजे ठेवायचीच असणार, असा ह्यांनी अर्थ काढला. माझाही तोच ग्रह झाला. छातीत तार आहे म्हटल्यावर माणूस भितो. आपण जरा हात उचलला आणि तार सुटली तर, या भीतीने मी स्वतःच हात अंगाशी घट्ट धरून बसायला लागले.

हिवाळा आला. वाफ्यांत खुंट तयार झाले. मी झोळी काढून चाकू हातात घेतला, आणि खांदा जागचा हलेना. कोपर अंगापासून सुटेना. हात मागे न्यायला गेले तर डोळ्यांतून पाणी आलं. मी खुर्ची टाकून बसले आणि बाकीच्यांना डोळे भरताना बघत राहिले. चाकू मांडीवर होता. त्या दिवसांत मला जे वाटत होतं त्याला दुःख म्हणतात की नाही माहीत नाही. मला वाटत होतं की कुणीतरी माझ्या घरात शिरून माझी वस्तू उचलून नेली आहे आणि वर मलाच सांगतंय की जपायला हवं होतं.

जवळच एक फिजिओथेरपिस्ट बाई आहेत. त्यांनी हात धरून चारही दिशांना नेऊन पाहिला, म्हणजे न्यायचा प्रयत्न केला. "इतके महिने हलवलाच नाहीत? खांदा पूर्ण आखडलाय. कुणी सांगितलं हलवू नका म्हणून?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात गेले. भेटीची वेळ घेतली नव्हती. डॉक्टरांसमोर बसले आणि हात उचलून दाखवला, जेवढा उचलत होता तेवढा. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "हे होऊ नये म्हणून तर आम्ही समजावून सांगतो. तुम्हाला समजावलं होतं ना?"

"मला नाही. ह्यांना."

"एकच आहे की."

"एक कसं? खांदा ह्यांचा आखडलाय का?"

डॉक्टर माणूस वाईट नव्हता. थकलेला होता, बाहेर गर्दी होती. त्याने मला धीर द्यायचा म्हणून जे वाक्य उच्चारलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणाला, "बरं झालं, निदान डावाच आहे. उजवा असता तर पंचाईत झाली असती."

मग मी बोलले. आवाज चढवून बोलले, दार उघडं होतं तरी बोलले. मी डावखुरी आहे हे सांगितलं, माझं काम सांगितलं, या हाताने आजवर काय काय केलंय ते सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "पण आम्ही विचारलं होतं." मी म्हटलं, "तुम्ही जेवणाचं विचारलंत. जेवायला मला कुठलाही हात चालतो, मला तसं मारूनच शिकवलंय. कामाचं तुम्ही विचारलंच नाहीत." मग मी विचारलं, बॅटरी संपल्यावर यंत्र बदलाल तेव्हा ते उजवीकडे नेता येईल का. ते म्हणाले, गरज नसताना नाही, तारा आहेत तिथेच ठेवणं सुरक्षित. म्हणजे ते आता कायमचं तिथेच.

बाहेर आल्यावर हे पायरीवर बसले. "मला वाटलं मी तुझी काळजी घेतोय," म्हणाले. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. माझा राग ह्यांच्यावर नव्हता असं लिहिणं खोटं ठरेल. होता. अजून थोडा आहे. पण ह्यांना निरोप्या केला कुणी? समोर शुद्धीवर असलेली, लिहितावाचता येणारी बाई सोडून तिच्या छातीतल्या यंत्राची गोष्ट तिच्या नवऱ्याच्या कानात सांगायची, हे ज्याला सुचलं त्याला सगळं शिकवलं असेल, बाईच्या तोंडाकडे बघून बोलायला शिकवलेलं नाही.

व्यायामाने हात सुटतोय. कानापर्यंत जातो, अंबाड्यापर्यंत नाही. तो हिवाळा तसाच गेला; या हिवाळ्यात मी डोळे भरायला बसले, पण अर्ध्या ओळीतच खांदा भरून येतो आणि उरलेली ओळ दुसऱ्याच्या हाती द्यावी लागते. गिऱ्हाइकाला मी सांगते, हे माझ्या हातचे, हे नाहीत.

परवा तपासणीला गेले होते तेव्हा समजावून सांगण्याच्या खोलीचं दार उघडंच होतं आणि मी त्याला लागूनच्या बाकावर बसले होते. आत हरसूलकडची एक म्हातारी होती, सोबत तिचा मुलगा. तिला यंत्र बसवायचं होतं, दुसऱ्या दिवशी. म्हातारी एका कडेला, मुलगा समोर, आणि तीच पांढऱ्या कोटातली मुलगी मुलाशी बोलत होती. "जेवतात कुठल्या हाताने?"

मुलगा म्हणाला, "उजव्या."

मी उठून आत गेले. माझा काही संबंध नव्हता, हे मला माहीत होतं. "त्यांना विचारा," मी म्हटलं. "आणि जेवणाचं नाही, कामाचं विचारा." ती मुलगी मला ओळखत होती, तिचा चेहरा पडला. मग मीच विचारलं, "आजी, विळा कुठल्या हातात धरता?"

म्हातारीने उजवा हात वर केला. "ह्या."

"म्हणजे उजवाच," ती मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात सुटकेचा श्वास होता आणि माझा जरा पचका झाला. पण म्हातारीला आता कुणीतरी काही विचारलं होतं. ती खुर्ची घेऊन पुढे सरकली.

"का इचारलं गं?"

मी सांगितलं. यंत्र दुसऱ्या बाजूला बसेल, त्या बाजूचा हात काही दिवस वर न्यायचा नाही, पण बांधूनही ठेवायचा नाही.

"आन् मंग?"

ती मुलगी मध्ये पडली. तिला तिचं काम परत हातात घ्यायचं होतं. "मग काही नाही आजी. आराम करायचा. आता शेतात जायचं नाही."

"भाताच्या आवनीला बी नाय?"

"नाही."

"नागली खुरपायला?"

"नाही ना आजी."

"सरपान?"

"अजिबात नाही. आता काहीच करायचं नाही तुम्ही. घरात बसायचं."

म्हातारीने दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले. तिची नखं मातीने काळी होती आणि पदराला चुलीच्या धुराचा वास होता.

"मंग ह्ये बसवता कशापायी?" ती म्हणाली.

त्या मुलीने मुलाकडे पाहिलं. म्हातारीने हात लांब करून तिची हनुवटी धरली आणि तिचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"त्याच्याकडं नको बघू," ती म्हणाली. "मला सांग."